आधी काढायची गाणी ठरवा

रेडिओ स्टेशनच्या श्रोत्यांचे आकडे घसरले की मीटिंगमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आपण जुनाट वाटतोय, नवीन गाणी वाढवा." पुढच्या सोमवारपासून लायब्ररीत साठ-सत्तर नवी गाणी येऊन पडतात, जिंगल बदलते, निवेदकाला जरा उत्साहात बोलायला सांगितलं जातं. तीन महिन्यांनी आकडे आणखी खाली. मग खापर मोबाइलवर.

माझं मत असं की फॉरमॅट, म्हणजे स्टेशनचा गाण्यांचा साचा, बदलण्याचं खरं काम गाणी काढण्यात आणि उरलेल्या गाण्यांची फेरी, म्हणजे तेच गाणं किती वेळाने परत येतं ते, पुन्हा मोजण्यात आहे. भर घालणं कुणालाही जमतं. काढताना हात थरथरतो, कारण प्रत्येक गाण्यामागे ऑफिसातलं कुणीतरी उभं असतं.

थोडं गणित करू. एका तासाचं क्लॉक, म्हणजे त्या तासात काय कधी लागणार याचा आराखडा, घ्या. १२ मिनिटं जाहिराती, ८ मिनिटं बोलणं, बातम्या आणि जिंगल. उरली ४० मिनिटं. सरासरी ४ मिनिटांचं गाणं धरलं तर तासाला १० गाणी बसतात. या दहांपैकी २ जागा सध्याच्या सगळ्यात चालणाऱ्या गाण्यांना, २ चढत्या गाण्यांना, १ नुकत्याच उतरलेल्या हिटला आणि ५ जुन्या, म्हणजे गोल्ड गाण्यांना. पहिल्या गटात ६ गाणी ठेवली तर प्रत्येक गाणं दर ३ तासांनी येतं. कागदावर छान दिसतं, पण इथेच घोळ आहे. दिवसाच्या ४८ जागांना ६ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे आज सकाळी ८ ला लागलेलं गाणं उद्याही ८ लाच लागतं आणि परवाही. रोज त्याच वेळी गाडीत बसणारा माणूस म्हणतो, "ह्यांच्याकडे एकच गाणं आहे का?" गाणी ६ ऐवजी ७ करा. फेरी साडेतीन तासांची होते आणि तेच गाणं रोज साधारण अर्धा तास पुढे सरकतं. एका गाण्याच्या फरकाने तक्रार बंद.

उतरलेल्या हिटच्या गटात २४ ऐवजी २५ गाणी ठेवायची तीही याचसाठी. गोल्डमध्ये ३०० गाणी ही ऐकायला गोल संख्या आहे, पण तासाला ५ च्या हिशोबाने फेरी बरोबर ६० तासांची होते: सोमवारी सकाळी ९, मग बुधवारी रात्री ९, मग शनिवारी सकाळी ९. सकाळच्या श्रोत्याला दर पाचव्या दिवशी त्याच तासाला तेच गाणं. ३०७ करा, सुटला प्रश्न.

आता "नवीन गाणी वाढवा" या हुकमाचं काय होतं ते बघा. पहिल्या गटातल्या ७ गाण्यांत आणखी ८ टाकली तर फेरी साडेसात तासांची झाली. जे गाणं दिवसाला सात वेळा लागायचं ते आता तीन वेळा लागतं. श्रोता एका बैठकीत अर्धा-पाऊण तास ऐकतो, म्हणजे त्याच्या वाट्याला सहा-सात गाणी येतात. त्यात त्याचं आवडतं हिट सापडायची शक्यता निम्म्याहून कमी झाली आणि अनोळखी गाण्यांची वाढली. स्टेशन "अपडेट" झालं आणि श्रोत्याला मात्र ते परकं वाटू लागलं. या धंद्यातला जुना अनुभव असा की स्टेशनमधल्या माणसाला एखाद्या गाण्याचा वीट येतो, तेव्हा श्रोत्याला ते कुठे ओळखीचं होऊ लागलेलं असतं. आपण दिवसभर स्पीकरखाली बसतो, तो बसत नाही.

ही फेरीची कल्पना नवी नाही. अमेरिकेत टीव्हीने नाटकं आणि मालिका पळवल्या तेव्हा १९५० च्या दशकात ओमाहाच्या केओडब्ल्यूएच स्टेशनवर टॉड स्टॉर्झ यांनी ज्यूकबॉक्सचा धडा रेडिओवर आणला. शेकडो तबकड्या समोर असताना लोक पैसे टाकून तीच ती मोजकी गाणी लावतात. त्यातून टॉप ४०, म्हणजे मोजकी लोकप्रिय गाणी पुन्हा पुन्हा लावण्याचा फॉरमॅट, आला. आपल्याकडचा धडा उलट्या बाजूने शिकवणारा आहे. १९५२ मध्ये बी. व्ही. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरचं चित्रपटसंगीत जवळजवळ बंद झालं आणि श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. त्यांना परत आणायला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. लोकांनी काय ऐकावं हे ठरवणाऱ्याला पाच वर्षांत माघार घ्यावी लागली, एवढं पुरे.

काढायची गाणी कशी ठरवायची? श्रोत्याच्या वयावरून सुरुवात करा. माणसाला सर्वात घट्ट चिकटतात ती साधारण १५ ते २२ वर्षांच्या वयात ऐकलेली गाणी. तुमचा श्रोता ४० वर्षांचा असेल आणि साल २०२५ असेल, तर त्याचा जन्म १९८५ चा आणि त्याची गाणी २००० ते २००७ ची. तरीही "चाळिशीतल्यांसाठी ऐंशीच्या दशकातली गाणी" असं म्हणणारी स्टेशनं आहेत. १९८५ मध्ये १५ वर्षांचा असलेला माणूस २०२५ मध्ये ५५ चा झाला. म्हणजे गोल्डची खिडकी, ज्या वर्षांतली गाणी घ्यायची तो काळ, दरवर्षी एका वर्षाने पुढे सरकायला हवी. पाच वर्षं सरकवली नाही की एकदम भूकंप करावा लागतो आणि त्यालाच मग "नवा फॉरमॅट" म्हणून पोस्टर लागतं.

वयाने यादी मिळते, निकाल मिळत नाही. त्यासाठी गाणी तपासावी लागतात. गाण्याचा सर्वात ओळखीचा ८-१० सेकंदांचा तुकडा, म्हणजे हूक, ऐकवायचा आणि तीन गोष्टी विचारायच्या: ओळखता का, १ ते ५ मध्ये किती आवडतं, आणि कंटाळा आलाय का. फोनवर एका बैठकीत २५-३० हूक पुरे. सभागृहात शंभरेक लोक बसवून केलेल्या चाचणीत पाच-सहाशे होतात, पण मध्ये विश्रांती द्या आणि अर्ध्या लोकांना उलट क्रमाने ऐकवा. शेवटच्या शंभर गाण्यांना मिळणारे गुण बरेचदा गाण्याचे नसतात, दुखणाऱ्या पाठीचे असतात.

हूक चुकीचा कापला तर सगळं वाया जातं. अंतऱ्यातली सुंदर ओळ कापून ठेवली आणि लोक गाणं मुखड्यावरून ओळखत असतील, तर चांगलं गाणं "अनोळखी" म्हणून बाद होतं.

सरासरीवर विसंबू नका. ३.५ सरासरीचं एक गाणं सगळ्यांना बरं वाटणारं असतं. दुसरं निम्म्यांना जीव की प्राण, उरलेल्यांना नकोसं असतं, त्याचीही सरासरी तेवढीच. पहिलं दिवसा लावा. दुसऱ्यावर स्टेशन बदललं जातं. "आवडतं पण कंटाळा आलाय" असं उत्तर ज्याला जास्त मिळालं ते गाणं काढायचं नसतं, दोन महिने झोपवायचं असतं. आणि ज्याला निम्मे लोक ओळखतच नाहीत त्याच्या गुणांना अर्थ नाही, त्याला अजून हवेवर वेळ द्या.

हे कुणाला विचारायचं? व्हॉट्सअ‍ॅपवर फर्माईश पाठवणाऱ्यांना नाही. ते श्रोत्यांतले मूठभर, तीच तीच उत्साही मंडळी. स्ट्रीमिंगचा चार्टही जपून वापरा: तिथे एक चाहता एकच गाणं दिवसातून वीसदा लावतो, रेडिओ ऐकणारा दुसरं काम करत असतो. वाजणारं गाणं कोणतं ते ओळखून देणाऱ्या शझाम अ‍ॅपचे आकडे कुतूहल सांगतात, प्रेम नाही. माहीत असलेलं गाणं कोण कशाला शोधेल? विचारायचं ते तीन प्रकारच्या लोकांना: तुमचंच स्टेशन सर्वात जास्त ऐकणारे, प्रतिस्पर्ध्याचं जास्त ऐकून तुमच्याकडे डोकावणारे, आणि वर्षभरात सोडून गेलेले. तिसरे शोधायला कष्ट पडतात म्हणून बहुतेक जण त्यांना वगळतात आणि उरलेल्यांकडून स्वतःचं कौतुक ऐकून घरी जातात.

मग सॉफ्टवेअर. १९७९ च्या सिलेक्टरपासून आजपर्यंत सगळ्या शेड्यूलिंग, म्हणजे गाण्यांचा क्रम लावणाऱ्या, सॉफ्टवेअरचा स्वभाव एकच आहे: सांगितलं तेवढंच कळतं. एका गाण्यावर "लता" आणि दुसऱ्यावर "लता मंगेशकर" असं लिहिलं असेल तर त्याच्या दृष्टीने त्या दोन गायिका, आणि तो दोन्ही गाणी पाठोपाठ लावतो. नावं शुद्ध करायला दोन माणसांचे चार दिवस गेले तरी चालतील, पण ते आधी करा. चित्रपटगीतांना गायक, संगीतकार आणि चित्रपट अशी तीनही अंतरं, म्हणजे तेच नाव पुन्हा येण्याआधी किती वेळ जायला हवा याचे नियम, लावावी लागतात. तयार सेटिंगमध्ये बहुधा फक्त कलाकाराचं अंतर असतं.

अंतरं घालतानाही गणित सोडू नका. एका गायकाची गाणी लायब्ररीत २० टक्के असतील तर तासाच्या दहांत त्याची दोन येणारच, म्हणजे सरासरी दर ३० मिनिटांनी एक. तिथे "एक तास अंतर" हा नियम पाळणं अशक्य आहे. सॉफ्टवेअर जागा रिकाम्या सोडतं, मग रात्रपाळीतलं कुणीतरी हाताने भरतं आणि स्वतःच्या आवडीचं भरतं. नियम २० मिनिटांवर आणा, नाहीतर त्या गायकाची गाणी कमी करा. दर महिन्याला एकेका गटातलं सर्वाधिक आणि सर्वात कमी वाजलेलं गाणं शेजारी ठेवून बघा. एक ४० वेळा आणि दुसरं ३ वेळा लागलं असेल तर नियमांनी त्या दुसऱ्याचा गळा धरलाय. लायब्ररीत ते आहे, हवेवर नाही.

नवं गाणं कुठे लावायचं यावरही त्याचं नशीब ठरतं. दोन पक्क्या, ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये लावा. जाहिरातींच्या ब्रेकनंतर लगेच नको, बातम्यांनंतर नको आणि दोन अनोळखी पाठोपाठ तर नकोच. जुनं-नवं शेजारी आलं की आवाजाची पातळी उघडी पडते: साठच्या दशकातलं ध्वनिमुद्रण मऊ, आजचं ठासून भरलेलं. सगळ्या फाइल एका लाउडनेसवर, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या एकाच पातळीवर, आणा. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या आर१२८ या मानकात ते उणे २३ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक) आहे, तुमचा आकडा वेगळा असला तरी सगळीकडे एकच ठेवा. आणि प्रत्येक जुन्या गाण्याची पहिली दहा सेकंदं कानाने ऐका. संकलनाच्या सीडीवरून पुन्हा गाऊन घेतलेली आवृत्ती आत शिरलेली असते. शीर्षक तेच असल्याने स्टेशनात कुणाला कळत नाही, श्रोत्याला दोन सेकंदांत कळतं.

हळू बदलायचं की एका रात्रीत? श्रोते तेच ठेवायचे असतील तर हळू. गोल्डमध्ये आठवड्याला दोन बाहेर, दोन आत, म्हणजे वर्षात शंभरेक गाणी, एक तृतीयांश लायब्ररी. कुणाला पत्ताही लागत नाही. श्रोतेच वेगळे हवे असतील तर एका रात्रीत, पण मग किंमत मोजायची तयारी हवी. १९९३ मध्ये नवे प्रमुख मॅथ्यू बॅनिस्टर यांनी बीबीसी रेडिओ १ तरुण केलं तेव्हा जुने निवेदक गेले आणि लाखो श्रोतेही गेले. पुढे रेडिओ २ ने आपलं संगीत बदलून त्यातल्या अनेकांना जागा दिली. बीबीसीकडे दुसरं दार होतं. एकच फ्रिक्वेन्सी असलेल्याकडे नसतं. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएमने ३ जून २००५ रोजी जुनी गाणी एका फटक्यात बंद करून जॅक, म्हणजे वेगवेगळ्या दशकांतली गाणी मिसळून लावणारा, फॉरमॅट आणला. आकडे कोसळले आणि १२ जुलै २००७ रोजी जुनी गाणी परत आली, मात्र खिडकी पुढे सरकवून, सत्तर-ऐंशीच्या दशकांवर भर देऊन. २००५ मध्येच खिडकी सरकवली असती तर दोन वर्षं वाचली असती, असं मला वाटतं.

आणि आकडे वाचताना. समजा १ लाख श्रोते आठवड्याला प्रत्येकी ६ तास ऐकतात, म्हणजे ६ लाख तास. बदलानंतर श्रोते १ लाख २० हजार झाले आणि ऐकणं साडेचार तासांवर आलं. मॅनेजर पेढे वाटतो, पण एकूण तास ५ लाख ४० हजार आहेत. जाहिरात विकली जाते ती या तासांवर. उलटही होतं: जुने श्रोते चटकन निघून जातात, नवे कानोकानी कळून सावकाश येतात, त्यामुळे पहिले तीन महिने आकडा पडणारच. आठव्या आठवड्यात घाबरून अर्धी जुनी गाणी परत आणली की गेलेले येत नाहीत आणि आलेले गोंधळतात. मधल्या काळात आकड्यांपेक्षा लॉग, म्हणजे हवेवर काय लागलं त्याची नोंद, वाचा. मंगळवारी सकाळी ८ ते ९ चा छापील लॉग घ्या, गाण्यांवर पेनने ओळखीचं, अनोळखी, संथ, जलद असं लिहा. सलग तीन संथ किंवा सलग दोन अनोळखी सापडली तर क्लॉक दुरुस्त करा, श्रोत्यांना दोष नंतर देऊ.