पोरगं गप बसवायची पक्की कृती

दीड-दोन वर्षांचं पोरगं घरभर बडबडत फिरतंय? काळजी नको. एक टीव्ही, एक रिमोट आणि वरणभाताची वाटी, एवढ्यावर इलाज होतो. परवा सांगलीत विश्रामबागेतल्या एका घरी बारसं होतं. पाळणा म्हणणाऱ्या बायकांना कार्टूनच्या वरच्या पट्टीत गावं लागलं, पण टीव्ही बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही. अशा जाणत्या मंडळींसाठीच हे लिहितोय.

वय बघू नका. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत बाळाला टीव्ही नकोच, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, कमी असला तर उत्तमच, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं. आपल्या बालरोगतज्ज्ञांचं मतही तेच. आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालतो म्हणतात. म्हणू देत. त्यांना कुठं धुणं वाळत घालायचंय?

बघायला कुणी नसलं तरी टीव्ही चालूच ठेवा. मागं आवाज असला की मोठी माणसं पोराशी कमी बोलतात, आणि शब्द तर समोरच्या माणसाच्या तोंडूनच शिकायचे असतात. मग अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही म्हणून गणपतीला नवस बोला.

एक भाग संपला की पुढचा आपोआप लागू द्या. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, पण कोण उठतंय!

झोपायच्या आधी तासभर हमखास लावा. रात्री अकराला पोरगं गादीवर उड्या मारायला लागलं की मीठ-मोहऱ्या आहेतच.

आता जेवण. पोराला भिंतीला टेकवा, तोंड पडद्याकडे करा आणि गिरणीत दळण ओतावं तसे बाजूनं घास सारा. तोंड आपोआप उघडतं, चावायचं मात्र राहून जातं. घास गालात धरून बसतंय, गाणं संपलं की आठवण होऊन गिळतंय, नाहीतर थुंकतंय. पाऊण तासात वाटीतला भात गारढोण. पोट भरलं की मान फिरवायची, हे पोराला उपजत कळत असतं. पण मान फिरवली तर पडदा दिसत नाही, म्हणून ते फिरवतच नाही. तुम्ही खूश, वाटी रिकामी! हातानं भात चिवडायचा, सांडायचा, आंबट-तिखट ओळखायचं, ते सगळं बुडालं. चार वर्षांचं झालं तरी मागं वाटी घेऊन पळायचं, आणि वर पाहुण्यांत कौतुक, "आमचा टीव्हीशिवाय घासच घेत नाही!"

घेत नाही म्हणजे? जन्मताना रिमोट घेऊन आलं होतं का? सवय लावली कुणी? तुम्हाला दहा मिनिटं सुट्टी हवी होती, ती हवीच असते, त्यात चूक नाही. पण दहा मिनिटांचे दोन तास केलेत आणि नाव पोराचं घेता!

उद्या दुपारी टीव्हीची पिन काढा. पोरगं हातपाय आपटेल, ताट ढकलेल, काही दिवस आकाशपाताळ एक करेल. करू दे. ताटात थोडंच वाढा, शेजारी तुम्हीही जेवायला बसा, अर्ध्या तासानं ताट उचला. धडधाकट पोरगं चार घास कमी खाल्ल्यानं वाळत नाही, पुढच्या जेवणाला भरून काढतं. आणि आजोबांना सांगा, बातम्या पोरगं झोपल्यावर.