‘लपवायचं नाही, तर घाबरता कशाला?’

हा मेसेज काल मावशीकडून आला. खाली तिचा प्रश्न: ‘तुझा याला विरोध का गं?’ मेसेजमधली मागणी अशी की, सुरक्षेसाठी सगळ्यांचे खासगी मेसेज पोलिसांना वाचता यावेत आणि कंपन्यांनी तशी सोय ठेवावी.

लपवायचं नाही? गेल्या महिन्यात मावशीनेच मला एका रिपोर्टचा फोटो पाठवला आणि दुसऱ्या मिनिटाला फोन करून बजावलं, ‘घरात कुणाला बोलू नकोस.’ (तिला विचारूनच लिहितेय.) त्यात कुठला गुन्हा होता?

या मागणीच्या बाजूने केला जाणारा सगळ्यात घातक दावा म्हणजे ‘(मेसेज उघडायची) चावी फक्त पोलिसांकडेच राहील’. ग्रीसमध्ये काय झालं ते वाचा. व्होडाफोनच्या एक्स्चेंजमधल्या सॉफ्टवेअरमध्ये कायदेशीर टॅपिंगची सोय होती. कुणीतरी आत शिरून नेमकी तीच वापरली. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या सुमारास सुरू झालेलं हे टॅपिंग मार्च २००५मध्ये उघडकीला आलं. तोवर शंभराहून जास्त फोन ऐकले जात होते. त्यात मंत्री होते, खुद्द पंतप्रधान कारामानलिस होते. दार पोलिसांसाठी ठेवलं होतं, आत शिरले भलतेच. देशाच्या पंतप्रधानाचा फोन जिथे सुरक्षित राहिला नाही, तिथे नवऱ्याच्या मारापासून लपून राहणाऱ्या बाईचा पत्ता कोण सांभाळणार?

दुसरा दावा: ‘गुन्हेगारच एन्क्रिप्शन (मेसेज इतरांना वाचता येऊ नये म्हणून त्याला लावलेलं कुलूप) वापरतात.’ तुमचा बँकेचा व्यवहारही त्यावरच चालतो. पुढे.

तिसरा: ‘मेसेज तपासणारं यंत्र संशयित अचूक हेरतं.’ समजा एक कोटी लोकांत शंभर गुन्हेगार आहेत आणि यंत्र ९९ टक्के बरोबर आहे. गुन्हेगार सापडतील ९९, आणि त्यांच्यासोबत सुमारे एक लाख निरपराध माणसं. खरे ९९ त्या गर्दीतच हरवणार.

पाळत ठेवून गुन्हे उलगडतात, हे मान्य करावंच लागेल. न्यायालयाची परवानगी घेऊन एखाद्या संशयितावर ठेवलेली पाळत कामाला येते. तिला माझा विरोध नाही. सरसकट सगळ्यांवर ठेवायला आहे. अमेरिकेत सगळ्यांच्या कॉलच्या नोंदी जमवण्याची योजना होती. तिथल्या सरकारच्याच प्रायव्हसी मंडळाने ती तपासली. जानेवारी २०१४च्या अहवालात मंडळाने लिहिलं की, देशाला असलेल्या धोक्याच्या एकाही दहशतवादविरोधी तपासात या योजनेमुळे ठोस फरक पडल्याचं आढळलं नाही.

मावशीने तो मेसेज आणखी तीन ग्रुपवर टाकलाय. हेही तिथे टाक म्हणून तिला सांगितलंय.