चावी, पावती आणि पंधरा दिवस: त्या फिरत्या मेसेजला उत्तर

नाकाबंदी वाढली की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, पण सांगाडा तोच. फौजदाराखालच्या पोलिसाला गाडी थांबवता येत नाही. कागद पंधरा दिवसांत कधीही दाखवा, मोबाइलमधला फोटोही चालतो. चावी काढली तर पोलिसावरच गुन्हा. चलनाचं मशीन नसेल तर दंड नाही. हेल्मेटचा दंड एकदा भरला की रात्री बारापर्यंत मोकळे. पोलिसाच्या डोक्यावर हेल्मेट नसेल तर त्याला तुम्हाला विचारण्याचा हक्क नाही. बाईला सूर्यास्तानंतर अडवता येत नाही. आणि सहा महिन्यांनी चलन आपोआप रद्द. शेवटी ‘प्रत्येक वाहनचालकापर्यंत पोचवा’ हे असतंच.

गोची अशी की यात निव्वळ थापा कमी आहेत. बहुतेक वाक्यांच्या मुळाशी एखादं खरं कलम आहे, फक्त ते भलतीकडे चिकटवलंय. मोटार वाहन कायदा, १९८८ रस्त्यावरच्या पोलिसाला वेगवेगळे अधिकार देतो: गाडी थांबवणं, कागद बघणं, दंडाची तडजोड करणं (म्हणजे कोर्टात न जाता ठरलेली रक्कम घेऊन प्रकरण मिटवणं), कागद किंवा गाडी ताब्यात घेणं. प्रत्येकाच्या अटी निराळ्या आहेत. मेसेज एकाची अट उचलून दुसऱ्याला लावतो, आणि त्या भरवशावर चौकात वाद घालणारा माणूस पाचशेच्या दंडाचे अडीच हजार करून घरी जातो.

‘फौजदाराखालच्या पोलिसाला गाडी थांबवता येत नाही’

हे आलं कुठून ते सापडतं. कलम १३२ मध्ये ‘उपनिरीक्षकापेक्षा (म्हणजे फौजदारापेक्षा) कमी दर्जाचा नसलेला गणवेशातला अधिकारी’ असे शब्द खरोखरच आहेत. पण ते कलम अपघाताचं आहे. गाडीनं माणसाला, जनावराला किंवा दुसऱ्या गाडीला ठोकलं असेल, तर अशा अधिकाऱ्यानं सांगितल्यावर चालकानं गाडी जागेवर थांबवून ठेवायची, जास्तीत जास्त चोवीस तास. रोजच्या तपासणीशी त्याचा संबंध नाही.

रोजच्या तपासणीला लागतात कलम ११९ आणि १३०. पहिल्यात वाहतूक नियमनाच्या कामावर असलेल्या कोणत्याही पोलिसाचे इशारे पाळायचे आहेत. दुसऱ्यात गणवेशातल्या कोणत्याही पोलिसानं मागितलं की लायसन दाखवायचंय. दोन्हीकडे हुद्द्याचा उल्लेख नाही. पांढरा शर्ट असलेलाच पोलीस हवा असंही नाही. ठाण्याचा खाकीतला शिपाईही लायसन मागू शकतो. अट गणवेशाची आहे. साध्या कपड्यातल्या माणसाला आधी ओळखपत्र विचारा, त्यात गैर काही नाही. ट्रॅफिक वॉर्डन हा मदतनीस, पोलीस नव्हे. त्याला लायसन देण्याची गरज नाही. आरटीओच्या वायुवेग पथकातले मोटार वाहन निरीक्षक मात्र अधिकारी आहेत, त्यांना टाळता येत नाही.

हुद्द्याला अर्थ येतो तो दंडाच्या तडजोडीत. कलम २०० नुसार कोणत्या गुन्ह्याची तडजोड कोणी आणि किती रकमेवर करायची, हे राज्य सरकार अधिसूचनेनं ठरवतं. म्हणून ते राज्यागणिक बदलतं, आणि म्हणूनच दिल्लीचा नियम लिहिलेला मेसेज नाशिकमध्ये कामाला येत नाही. इशारा करूनही गाडी पुढे काढली तर कलम १७९ लागतं. त्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीत पाचशेवरून दोन हजार झाला.

‘कागद पंधरा दिवसांत दाखवा, आणि फोटोही चालतो’

इथं थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथं जातात.

पंधरा दिवस खरे आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी नियम १३९ सांगतो की कागद जवळ नसतील तर त्यांचा साक्षांकित उतारा मागणी झाल्यापासून पंधरा दिवसांत नेऊन द्यावा किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवावा. पण ही मुदत कागद *आणून दाखवायची* आहे, *काढायची* नाही. तपासणीच्या क्षणी विमा आणि पीयूसी चालू असायलाच हवी. संध्याकाळी ऑनलाइन पॉलिसी काढून सकाळची वेळ निभावेल असं वाटत असेल तर पॉलिसी नीट वाचा: तारखेच्या शेजारी तास आणि मिनिटंही छापलेली असतात. शिवाय कलम १५८ मध्ये विम्यासह कागद ठाण्यात आणून दाखवायला सातच दिवस दिलेत. दोन मुदती असताना शहाण्यानं सातच धरावेत.

आता लायसनचा घोळ. लायसन *नसणं* आणि लायसन *घरी राहणं* हे दोन वेगळे गुन्हे. पहिल्याला कलम १८१, दंड पाच हजार. दुसरा म्हणजे कागद सादर न करणं, त्याची रक्कम फारच किरकोळ. मशीनवर यादीतून कलम निवडताना चूक होऊ शकते, आणि चुकून १८१ दाबलं गेलं की घरी पाकिटात लायसन असलेल्या माणसाच्या नावावर पाच हजार चढतात. म्हणून चलन तयार होताना ‘साहेब, कोणतं कलम लावताय?’ एवढं विचारा. विचारल्यानं कोणी चिडत नाही, आणि चूक तिथल्या तिथं दुरुस्त होते. नंतर ती तक्रार बनते.

खरं तर आता या मुदतीची वेळच येऊ नये. २०१८ च्या नोव्हेंबरात नियम १३९ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपात’ हे शब्द आले, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून असं आहे की ऑनलाइन पडताळणी झाली तर कागदाची प्रत मागायचीच नाही. पण इलेक्ट्रॉनिक म्हणजे गॅलरीतला फोटो नव्हे. डिजिलॉकर हे सरकारी कागदांचं अधिकृत अॅप उघडा: एका भागात सरकारी खात्यांकडून थेट आलेले कागद असतात, म्हणजे ‘इश्यूड’. दुसऱ्यात तुम्ही स्वतः चढवलेले, ‘अपलोडेड’. वैध आहेत ते पहिले. आरसीचा फोटो काढून अपलोड केला असेल तर तो गॅलरीतल्या फोटोपेक्षा तसूभर मोठा नाही. परिवहन खात्याच्या एमपरिवहन अॅपमध्येही तेच, ‘वाहन’ आणि ‘सारथी’ या सरकारी नोंदवह्यांवरून ओढलेली आरसी आणि लायसन चालतं. घाटात किंवा बोगद्याच्या तोंडाशी नेट जातं, त्यामुळे घरून निघतानाच अ‍ॅप एकदा उघडून लॉगिन झालंय ना ते बघा. विम्याची नोंद कंपनीकडून यायला कधी उशीर होतो, म्हणून पॉलिसीची पीडीएफ वेगळी ठेवा. पीयूसी बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षाची मिळते, जुन्यांना सहा महिन्यांची. ‘गाडी नवीन आहे, पीयूसी लागत नाही’ हे नोंदणीपासून पहिल्या वर्षापुरतंच खरं.

‘चावी काढली तर पोलिसावर गुन्हा’

निम्मं बरोबर. साध्या तपासणीत इग्निशनमधून चावी ओढून घेण्याचा अधिकार कायद्यात कुठंही लिहिलेला नाही. चाकातली हवा सोडण्याचाही नाही. मेसेजवाले कलम १९८ दाखवतात: कायदेशीर अधिकार किंवा वाजवी कारण नसताना उभ्या गाडीत शिरणं, ती हलवणं, तिच्या यंत्रणेला हात घालणं हा गुन्हा. पण त्यातले ‘वाजवी कारण’ हे दोन शब्द मेसेजमधून गळालेत. चालक दारूच्या नशेत असेल, पळायच्या बेतात असेल, कलम २०७ खाली गाडीच ताब्यात घ्यायची असेल (विनानोंदणी, विनालायसन, विनापरमिट), तर चावी घेण्याला कारण आहे. दारूच्या प्रकरणात कलम २०२ खाली वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, आणि अटकेनंतर गाडीची तात्पुरती सोय लावणं पोलिसाकडेच येतं.

बाजूला घ्या म्हटल्यावर बरेच दुचाकीवाले इंजिन चालू ठेवतात, एक पाय जमिनीवर, हात थ्रॉटलवर. समोरच्याला ते पळायची तयारी वाटते आणि हात चावीकडे जातो. गाडी बाजूला घेतली की इंजिन बंद करा, स्टँड लावा आणि चावी स्वतःच खिशात टाका. अर्धा वाद तिथंच संपतो. तरीही चावी घेतलीच तर हिसकाहिसकी नको. पोलिसाच्या हातावर हात पडला की विषय वाहतुकीचा राहत नाही, सरकारी सेवकावर बळ वापरण्याचं कलम येतं: भारतीय न्याय संहितेतलं १३२, जुनं ३५३. बक्कल नंबर, वेळ, चौक टिपून वाहतूक शाखेच्या उपायुक्तांकडे किंवा जिल्ह्यात अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या.

यातलाच एक फाटा: ‘व्हिडिओ काढणं गुन्हा आहे’ असं कधी पोलीस सांगतात. सार्वजनिक रस्त्यावर तशी बंदी नाही. पोलीस ठाण्यातल्या चित्रीकरणाबाबतही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये म्हटलं की ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं ‘निषिद्ध ठिकाण’ नव्हे. फक्त मोबाइल नाकासमोर नाचवून काम अडवलं तर तो अडथळा ठरतो. उलट बाजूनंही लगाम आहे: पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलन चढवू नये, अशी सूचना राज्याच्या वाहतूक पोलिसांना २०२५ च्या जुलैत दिली गेली.

‘मशीन नसेल तर दंड नाही’

म्हणायचं असं होतं की पावतीशिवाय रोख देऊ नका. ते शंभर टक्के बरोबर. पण मशीन नव्हतं म्हणून गुन्हा पुसला जात नाही. कारवाई नंतरही होते.

मेसेजमध्ये नसलेला खरा हक्क इथं आहे. जागेवरचा ‘दंड’ म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड. ती मान्य करायची की नाही हे तुमच्या हातात. चूक मान्य नसेल तर ‘तडजोड नको, कोर्टात बघू’ असं शांतपणे सांगा. चलन अनपेड म्हणून राहील. पुढे मोबाइलवर सूचना आली की व्हर्च्युअल, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टाच्या संकेतस्थळावर दोन पर्याय दिसतात: भरणे किंवा लढणे. लढणे निवडलं की प्रकरण त्या हद्दीच्या नेहमीच्या कोर्टात जातं. राज्यातलं हे पहिलं व्हर्च्युअल कोर्ट नागपुरात काटोल रोडवर २०२० मध्ये सुरू झालं. कोर्टाची वाट धरण्याआधी वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार नोंदवून बघा. फोटोतली नंबरप्लेट दुसऱ्याच गाडीची, एकाच फोटोवर दोन चलनं, गाडी विकलेली पण नाव बदललेलं नाही, असली प्रकरणं तिथं सुटू शकतात. चलनावरचा फोटो मोठा करून गाडीचा रंग आणि मॉडेल बघा. नंबर वाचण्यात ३ चा ८ झालेला तिथं कळतो.

लायसन ठेवून घेतलं तर कलम २०६ खाली त्याची तात्पुरती पोच मिळालीच पाहिजे. लायसन परत येईपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येते. पोच न घेता निघालात तर पुढच्या चौकात तुम्ही विनालायसन.

‘पावती नको, थोडं कमी करा’ म्हणणाऱ्यांसाठी: भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

‘एकदा पावती फाडली की रात्री बारापर्यंत मोकळे’

असं कुठलंही कलम नाही. पावती म्हणजे पास नव्हे. हेल्मेटला कायद्यात दंड हजार, महाराष्ट्रात तडजोड पाचशेवर होते, पण कलम १९४ड मध्ये लायसन तीन महिने निलंबित होण्याचीही तरतूद आहे. पाचशेकडे सगळ्यांचं लक्ष असतं, तीन महिन्यांकडे कोणाचंच नाही.

‘पोलिसाच्या डोक्यावर हेल्मेट नसेल तर…’

तर त्याला दुप्पट दंड. कलम २१०ब अगदी खरं आहे, अंमलबजावणी करणाऱ्यानंच नियम मोडला की दुप्पट. तुमचा मात्र तेवढाच राहतो, वजाबाकी होत नाही.

‘बाईला सूर्यास्तानंतर अडवता येत नाही’

सूर्यास्ताचा नियम *अटकेचा* आहे. अपवादात्मक परिस्थितीत, महिला अधिकाऱ्यामार्फत आणि दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीनंच रात्री स्त्रीला अटक करता येते. गाडी थांबवणं, लायसन बघणं, संशय असल्यास श्वासचाचणी घेणं ही अटक नव्हे.

‘सहा महिन्यांनी चलन रद्द’

ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, त्याची दखल कोर्टानं सहा महिन्यांत घ्यायला हवी, ही मर्यादा फौजदारी कायद्यात आहे. पण सिग्नल तोडणं किंवा चालवताना मोबाइल हातात धरणं कलम १८४ खाली येतं. त्यात एक वर्षापर्यंत कैद असल्यामुळे मर्यादाही एक वर्षाची. शिवाय प्रकरण मुदतीत कोर्टात गेलं असेल तर तारखा मोजण्यात अर्थ नाही. आणि मर्यादा उलटली तरी यंत्रणेतली नोंद आपोआप पुसली जात नाही. गाडी विकायला काढली की नाव बदलताना ती आरटीओच्या खिडकीवर समोर येते. लोकअदालतीत कमी होईल म्हणून थांबणाऱ्यांनी सवलत हा हक्क नाही, हे धरून चालावं.

थकलेलं चलन बघायचं तर महाट्रॅफिक अ‍ॅप किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर गाडी क्रमांक आणि चॅसिसचे शेवटचे आकडे टाकून बघा. ज्या ग्रुपवर हा मेसेज येतो तिथंच हल्ली ‘तुमच्या गाडीचं चलन’ म्हणून शेवटी एपीके असं लिहिलेली फाइलही येते. ती दाबली की मोबाइलवरचे ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात. वाहतूक पोलीस चलन एपीके फाइलमध्ये पाठवत नाहीत.