इक्थियोटायटनचा सांगाडा कुणालाही सापडलेला नाही

‘अकरा वर्षांच्या मुलीला समुद्रकिनाऱ्यावर निळ्या देवमाशाहून मोठ्या डायनासोरचा अख्खा सांगाडा सापडला. वजन दोनशे टन. मेगालोडॉन या प्राचीन शार्कला तो एका घासात गिळायचा. त्याचे वंशज आजही खोल समुद्रात आहेत, पण शास्त्रज्ञ लपवतात.’ इक्थियोटायटन या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याबद्दलचा हा मजकूर बराच काळ फिरतोय, सोबत वाळूत पसरलेल्या पांढऱ्याशुभ्र सांगाड्याचं चित्र. आतापर्यंत मी दुर्लक्ष करत होतो. पण माझ्या भाचीने तो जसाच्या तसा शाळेच्या प्रकल्पात उतरवला आणि पुरावा म्हणून तेच चित्र चिकटवलं. आता गप्प बसवत नाही.

सगळ्यात आधी तो सांगाडा. असा सांगाडा नाही. चित्र बनावट आहे. इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात ब्लू अँकरच्या किनाऱ्यावर 2020 मध्ये त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना सापडले ते खालच्या जबड्याच्या मागच्या भागातल्या एका हाडाचे तुकडे. पुढच्या काळात आणखी तुकडे मिळाले, ते जुळवल्यावर हे एकच हाड दोन मीटरहून लांब असावं असं दिसलं. त्याआधी 2016 मध्ये जवळच्याच लिलस्टॉकला जीवाश्म गोळा करणाऱ्या पॉल डी ला साल यांना तसंच एक हाड मिळालं होतं. या दोन हाडांवरून संशोधक डीन लोमॅक्स आणि सहकाऱ्यांनी एप्रिल 2024 मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात या प्राण्याला इक्थियोटायटन सेव्हर्नेन्सिस हे नाव दिलं. तो इक्थियोसॉर, म्हणजे समुद्रात राहणाऱ्या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका गटातला. वय सुमारे 20 कोटी 20 लाख वर्षं. अख्खी कवटी नाही, पाठीचा कणा नाही, वल्ह्यासारखे पाय नाहीत, शेपूट नाही.

मग त्याची लांबी 25 मीटर सांगतात, तो आकडा आला कुठून? लोकांना हे कुणी सांगतच नाही, आणि माझा खरा राग इथेच आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात शोनिसॉरस सिकान्नीएन्सिस या इक्थियोसॉरचा बराच मोठा भाग मिळाला होता. त्याची लांबी सुमारे 21 मीटर धरतात. लिलस्टॉकचं हाड त्याच्या त्याच हाडापेक्षा साधारण पावपट मोठं. त्या प्रमाणात सगळं शरीर वाढवलं की 26 मीटर येतात. तेच हाड बेसानोसॉरस या दुसऱ्या इक्थियोसॉरशी ताडून पाहिलं तर येतात 22. हाड एकच, तुलनेचा प्राणी बदलला की चार मीटरचा फरक! आणि प्रजातींमध्ये फरक असल्यामुळे असे अंदाज पूर्णपणे वास्तव मानता येत नाहीत, हे 2018 मध्ये लिलस्टॉकचं हाड जगासमोर मांडताना संशोधकांनीच सांगितलं होतं. ज्यांनी आयुष्य या हाडांवर घातलं ते ‘अंदाज’ म्हणतात, आणि मजकूर पुढे ढकलणारा ‘सिद्ध झालं’ म्हणतो.

वजनाचा तर प्रश्नच येत नाही. धडाचं एक हाड हाती नसताना दोनशे टन कुठून काढले? बरीच हाडं हाती असली तरी काय होतं ते पाहा. पेरूमधल्या पेरुसेटस या प्राचीन देवमाशाचे 13 मणके, चार बरगड्या आणि कमरेचा भाग मिळाला होता. 2023 मध्ये त्याचं वजन 85 ते 340 टन सांगितलं गेलं आणि ‘निळ्या देवमाशाचा विक्रम मोडला’ म्हणून जगभर मथळे झाले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी ते 60 ते 114 टनांवर आणलं. ती बातमी मात्र कुणी पुढे पाठवली नाही.

निळा देवमासा तीस मीटरच्या आसपास प्रत्यक्ष मोजला गेलाय, त्यामुळे ‘निळ्या देवमाशाहून मोठा’ हा दावाही टिकत नाही. एवढं मात्र मान्य करावं लागतं: इक्थियोटायटन हा आजवर माहीत असलेला सगळ्यात मोठा सागरी सरपटणारा प्राणी असू शकतो. शिवाय ब्लू अँकरच्या हाडाची सूक्ष्म रचना पाहता तो मेला तेव्हा त्याची वाढ अजून चालूच होती. पण ‘असू शकतो’ हे शब्द गाळले की वाक्य खोटं होतं.

बाकीचं झटपट. इक्थियोसॉर डायनासोर नव्हेत, ती वेगळीच शाखा. मेगालोडॉन त्याच्यानंतर जवळपास 18 कोटी वर्षांनी आला, गिळायचा कुणी कुणाला? खोल समुद्रात लपलेले वंशज? हे प्राणी फुप्फुसांनी श्वास घ्यायचे, हवेसाठी त्यांना वर यावंच लागायचं. एवढं धूड पुन्हा पुन्हा पृष्ठभागावर येऊन कुणाच्याच नजरेला पडत नाही? असले महाकाय इक्थियोसॉर ट्रायासिक कालखंडाच्या अखेरीस, सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वी, संपले आणि उरलेसुरले सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी.

राहिली ती मुलगी. तो भाग खरा आहे, आणि मजकुरात आहे त्याहून मोठा आहे. तिला आणि वडिलांना हाडाचं महत्त्व जाणवलं, त्यांनी जाणकारांना कळवलं, आणि 2024 च्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये तिचंही नाव आहे. भाचीच्या प्रकल्पात हे एक वाक्यही नव्हतं.