सोय कुणाची?

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोचं, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणाऱ्या बोटीचं, कौतुक सगळेच करतात, मीही करतो. मार्च 2020 मध्ये ती सुरू झाली तेव्हा 'हे थेर किती दिवस चालणार' म्हणणारी आमच्या सोसायटीतली मंडळी आता शनिवारचं बुकिंग आधीच करून ठेवतात. पेण-वडखळच्या ट्रॅफिकमध्ये सडायचं की तासाभरात मांडव्याला उतरायचं, यात विचार कसला करायचा? शिवाय गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात; ही मात्र हवा फारच बिघडली नाही तर चालू असते. सोय आहेच. पण गाडी असेल तर.

गेल्या रविवारी सकाळच्या रो-रोने निघालो. गाडी खाली, आपण वर, एसी, कॉफी, फोटो. अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याला पोचलो आणि खाडीपलीकडच्या दिघीला जायला तिथल्या फेरीबोटीत गाडी घातली. तिथला मामला वेगळाच. उतरत्या धक्क्यावर लोखंडी रॅम्प खरखरत टेकतो, एक पोरगा "येऊ द्या, येऊ द्या, उजवी मारा, बास!" करत दोन गाड्यांत वीतभर अंतर ठेवून सगळं बसवतो. दार उघडायची पंचाईत. उरलेल्या फटींतून स्कूटर, सायकली, दप्तरं, कोंबड्यांची खुराडी. एका कोळीण मावशीने आमच्या बंपरपुढे पाटी टेकवली. "गाडीला नाय लागत भाऊ, घाबरू नको." पाटीत बोंबील होते, वर ओलं गोणपाट.

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी या खाड्यांवर पूल होणार. व्हायलाच हवेत. रात्री पेशंट हलवायचा असेल तर बोटीची वाट बघत कोण बसणार? (बोट म्हणजे कशी रम्य, असं लिहिणाऱ्यांनी पावसाळ्यात एकदा धक्क्यावर उभं राहावं.) पण पूल झाला, गाड्या गेल्या की बोटवाल्याला परवडणार नाही. मग या मावशीने एसटीच्या भरवशावर राहायचं. आपला अटल सेतूच बघा. 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन झालं, लांबी 21.8 किलोमीटर, मोटारीने अगदी मजेत जाता येतं. पण बाइकला बंदी, रिक्षाला बंदी, पायी जायचं तर नावच नको. फेरीबोट तरी सगळ्यांना घेते.

मुंबईच्या टोकालाही तेच. गाडी नसलेल्या माणसाला रो-रोचं तिकीट मिळतं, पण डॉकयार्ड रोडला उतरून ट्रकच्या रांगा आणि मासळीचं पाणी चुकवत, पोराला कडेवर घेऊन चालत जाऊन बघा एकदा. लक्ष्मण अजिंक्य ऊर्फ भाऊंनी 19व्या शतकात मूळ धक्का बांधला तो उतारूंची सोय व्हावी म्हणून. पुढे धक्क्याची जागा बदलली, नाव राहिलं, आणि आगबोटींच्या काळात चाकरमानी तिथूनच दाभोळ, जयगड, रत्नागिरीला जायचे. त्यांच्याकडे कुठे गाड्या होत्या?

गेटवेच्या लाँचच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. हे कुणाला तरी सुचलं होतं ना? मग रो-रोच्या वेळेला जोडून डॉकयार्ड रोडहून एक बस सोडा. आणि आगरदांड्याला पूल झाल्यावर मोठी बोट बंद करा हवी तर, पण माणसं आणि दुचाक्यांपुरती एक लहान बोट राहू द्या. तोटा सरकारने सोसावा; महामार्गाच्या खर्चात तो आकडा शोधूनही सापडायचा नाही.