देऊळ कुणाचं आणि वरची वायर कुणाची

'मंदिरं सरकारच्या तावडीतून सोडवा' ही मागणी महाराष्ट्रात अधूनमधून उसळते. पंढरपूरला 1973 च्या कायद्यानं बडवे-उत्पातांचे, म्हणजे विठ्ठल मंदिराच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे, हक्क संपवले आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तेच कायम झालं. सिद्धिविनायकाला आणि शिर्डीला आपापले वेगळे कायदे आहेत. हे सगळं मोडा म्हणणाऱ्यांच्या भात्यात एक दाखला हमखास असतो: परदेशात बघा, हिंदू आपली देवळं आपणच चालवतात.

मॉरिशस हाही परदेशच. इथं सरकार देवळाच्या दानपेटीला हात लावत नाही हे खरं. पण ते पैसे देतं, हे सांगायचं राहून जातं. मान्यताप्राप्त धर्मसंस्थांना माणशी हिशेबानं अनुदान मिळतं आणि ते महासंघांमार्फत खाली येतं. सनातनींचा महासंघ वेगळा, तमिळांचा वेगळा, तेलुगूंचा वेगळा, मराठी मंडळींचाही वेगळा. डोकी मोजून पैसे मिळणार म्हटल्यावर डोकी आपल्याच रकान्यात राहावीत असं कुणाला वाटणार नाही? खानेसुमारीत धर्माच्या तक्त्यात 'हिंदू'खेरीज 'मराठी', 'तमिळ', 'तेलुगू' अशा ओळी सापडतात. म्हणजे 'मराठी' हा इथं धर्म! 1998 साली नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या वर छापली, त्यावर इतका गदारोळ झाला की नोटा मागे घ्याव्या लागल्या. ताबा नको आणि वाटेही नकोत, असं दोन्ही एकदम मिळत नाही, हे मंदिरमुक्तीवाल्यांनी हिशेबात धरावं.

हे बघायचं तर पोर्ट लुईत मुक्काम करून दोन दिवस गाडी फिरवावी. वाहतूक आपल्यासारखी डावीकडूनच आहे, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही. चौकांच्या जागी गोल चक्करं आहेत आणि आत असलेल्याचा हक्क पहिला. आपली सवय नेमकी उलटी, घुसेल तो पहिला. धडका तिथंच होतात. राजधानीत रस्त्याकडेला गाडी लावायची तर पार्किंगची कुपनं लागतात. ती पेट्रोल पंपावर आधीच घेऊन ठेवावी.

पहिला अर्धा दिवस शहराला. बंदरावरचा आप्रवासी घाट रविवारी बंद असतो. करारावर आणलेले मजूर 1834 पासून बेटावर येऊ लागले आणि 1849 पासून याच धक्क्याच्या पायऱ्या चढून आत गेले. रत्नागिरीकडची माणसंही त्यांत होती, म्हणून जाखडी इथं 'झाकरी' होऊन अजून नाचली जाते. दुपारनंतर उत्तरेला त्रिओलेच्या महेश्वरनाथ मंदिरात जावं. तिथल्याच एका पुजाऱ्याला 1897 मध्ये डोंगरातल्या तळ्याचं स्वप्न पडलं असं सांगतात. पुढच्या वर्षी पहिली पदयात्रा निघाली आणि पुढे कालांतरानं ते तळं गंगा तलाव झालं.

गंगा तलावाला दुसऱ्या दिवशी पहाटे निघावं. पोर्ट लुईहून साधारण तासाभराचा रस्ता आहे. पेट्रोल वाटेतल्या क्युरपीप गावातच भरून घ्यावं. तळं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. खाली किनाऱ्यावर घाम गाळत असाल तरी वर धुकं आणि बोचरा पाऊस भेटतो, तेव्हा जाकीट आणि कोरडे मोजे हवेतच. घाटाच्या फरश्या ओल्या, पाय अनवाणी, आणि माकडांचं लक्ष तुमच्या केळ्यांवर. पूजेची पिशवी तोंड बांधून धरावी. वाटेवरचा 33 मीटरांचा मंगल महादेव हा शंकराचा पुतळा 2007 चा. धुकं असलं तर त्याचा त्रिशूळही दिसत नाही.

महाशिवरात्रीच्या आठवड्यात मात्र गाडीचा नाद सोडावा. साडेबारा लाखांच्या देशातली काही लाख माणसं पांढऱ्या कपड्यांत चालत येतात. वाहतूक एकेरी होते, वळवली जाते. तो काळ चक्रीवादळांचाही असतो. वर्ग 3 चा इशारा लागला की घराबाहेर पडायचंच नाही. या यात्रेत फुकट पाणी, सरबत, जेवण देणारे मांडव रस्ताभर असतात आणि तिथं कुठल्या महासंघाचा असा प्रश्न कुणी विचारत नाही.

पण कावडी वाढत गेल्या. खांद्यावरची कावड चाकांवर आली, मजला चढली. मार्च 2024 मध्ये अशीच एक उंच कावड विजेच्या तारेला लागली, पेटली आणि यात्रेकरूंचे जीव गेले. उंचीची बंधनं त्यानंतर कडक झाली. देऊळ सरकारचं की भक्तांचं, या वादाचा त्या तारेशी काडीचा संबंध नव्हता. तार किती उंचावरून जाते हे आधी मोजणारा कुणीतरी हवा होता. आपल्याकडे ताब्यावर महिनोन् महिने भांडण चालतं. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून रखडलेलं असताना त्याच रस्त्यानं गणपतीला निघालेला चाकरमानी देवळाचा विश्वस्त कोण म्हणून विचारत नाही, पुढे खड्डा आहे का एवढंच विचारतो.

तळ्याहून परत फिरू नये. ल पेत्रँच्या फाट्यावरून जंगलातल्या रस्त्यानं शामारेल गाठावं आणि पश्चिम किनाऱ्याला उतरावं. उतार तीव्र, वळणं आंधळी. ऑटोमॅटिक गाडी असली तरी गियर खालचा ठेवावा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून वास मारू लागतात. खाली डालपुरी खावी. ती जोडीनंच मिळते, आणि पुरणपोळीतला गूळ काढून टाकलाय असं वाटतं.

पुढं तामारँ, मग कास्काव्हेल. हा मराठी वस्तीचा पट्टा. गणेशोत्सव इथल्या मराठी घरांत 1896 पासून चालत आलाय, हेन्रिएटा गावात सुरू झाला. सरकारी सुट्टी चतुर्थीला नसते, दुसऱ्या दिवशी, विसर्जनाला असते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात विसर्जित करा, हा मुंबई उच्च न्यायालयाचा 2025 चा आदेश इथं वाचला तर नवल वाटणार नाही. इथं उंचीचा हिशेब समुद्रच करतो. जवळच्या फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्याला प्रवाळाच्या कड्याच्या आतलं पाणी उथळ आहे. बरंच आत चाललं तरी मोठी मूर्ती उभी बुडत नाही, आडवी करावी लागते. विसर्जनाला उतरणाऱ्यांनी रबरी बूट घालावेत. वाळूत समुद्री साळू असतात, आणि दगडासारखा निपचित पडलेला दगडमासा पायाखाली आला तर थेट इस्पितळ गाठावं लागतं.