ती खाली उतरली होती, पडली नव्हती

आज सकाळी टेकडीच्या पायवाटेवर दहा-बारा जणांचं कोंडाळं जमलं होतं. मधोमध एक घोयरा सरडा, म्हणजे शॅमेलिऑन. एका गृहस्थांनी त्याला काठीनं उचललं आणि शेजारच्याच्या लाल टीशर्टवर ठेवलं. 'आता बघा, लाल होतो की नाही!' तो लाल झाला नाही. काळपट पडला, अंगावर गडद ठिपके उठले, गळा फुगला, तोंड वासलं. 'बदलला, बदलला' म्हणत टाळ्या पडल्या. मग कुणाला तरी दया आली. 'झाडावरून पडला असेल बिचारा', असं म्हणून त्याला एका बाभळीच्या उंच फांदीवर बसवण्यात आलं. व्हिडिओ ग्रुपवर गेला, खाली हात जोडलेल्या इमोज्यांची रांग लागली. प्राणी वाचवला!

मंडळी, तो 'बिचारा' मुळात मादी होती. आणि ती पडली नव्हती, उतरली होती.

पोट दोन्ही बाजूंनी तट्ट फुगलेलं, कातडीखाली अंड्यांचे उंचवटे सरळ दिसत होते. घोयरा आयुष्य झाडाझुडपांत काढतो. त्याचे पाय फांदी पकडण्यासाठीच घडलेत. पाच बोटांचे दोन जुडगे असतात, पुढच्या पायाला आत तीन आणि बाहेर दोन, मागच्याला बरोबर उलट. सपाट जमिनीवर या चिमट्यांचा काही उपयोग नाही, म्हणून तो डुलत डुलत, अडखळत चालतो आणि बघणाऱ्याला आजारी वाटतो. असा प्राणी स्वतःहून जमिनीवर येतो तेव्हा त्याला तसंच कारण असतं. पाऊस सरल्यावर, माती अजून ओलसर आणि भुसभुशीत असताना, गाभण माद्या अंडी घालायला खाली येतात. म्हणून तर या दिवसांत वाटेवर, रस्त्यावर घोयरा जास्त दिसतो.

पुढचं काम तासन् तास चालणारं. आधी जागा शोधायची. फार कडक नको, पाणी साचणारी नको, वरून मुळांचं जाळं नको. मग पुढच्या पायांनी उकरायला लागायचं. मध्येच दगड लागला की ते भोक सोडून दुसरीकडे सुरुवात. पुरेसं खोल गेल्यावर उलटं वळून साधारण 10 ते 30 अंडी घालायची, वर माती ओढायची, पायांनी दाबून घट्ट करायची आणि निघून जायचं. पिल्लांचा तोंडावळाही तिला कधी दिसत नाही. या सगळ्यात कुणी जवळ आलं, सावली हलली, मोबाइल पुढे झाला, की ती अर्धवट खड्डा सोडून देते. पुन्हा जागा शोधणं, पुन्हा उकरणं, आणि ताकद आधीच संपत आलेली. जास्त वेळ अंडी घालता आली नाहीत तर ती पोटातच अडकून मादी मरू शकते.

तिला आपण उचलून परत झाडावर ठेवलं. जिथून ती एवढा जिवाचा आटापिटा करून उतरली होती, तिथेच! प्रसूतीच्या वाटेवरून बाईला परत घरी आणून सोडावं आणि वर पुण्य केल्याचं समाधान मिरवावं, त्यातला हा प्रकार.

मारलं नाही, हे मात्र मान्य. घोयरा दिसला की विषारी म्हणून दगड घालणारे अजून आहेत, त्या मानानं आजची माणसं बरी. (विषारी नसतोच तो. दात जेमतेम किडा चावण्यापुरते.) पण 'मारलं नाही' एवढ्यावरच आपण किती दिवस स्वतःला शाबासकी देणार?

आता त्या रंगाबद्दल. लाल कापडावर लाल, हिरव्यावर हिरवा, ही लहानपणापासून डोक्यात बसलेली समजूत साफ चुकीची आहे. घोयरा पार्श्वभूमी बघून रंग बदलत नाही. ऊन, तापमान आणि मनःस्थिती यांनी त्याचा रंग ठरतो. गार सकाळी ऊन शोषून घ्यायला तो गडद होतो आणि अंगाची एक बाजू सूर्याकडे चपटी करून धरतो. उन्हं तापली की फिकट होतो. प्रतिस्पर्धी दिसला, नर-मादी समोर आले, भीती वाटली, की वेगवेगळे नमुने उमटतात. पँथर शॅमेलिऑन या त्याच्या भाऊबंदावर जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं की कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक रांगेनं मांडलेले असतात, त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं की परावर्तित होणारा प्रकाश बदलतो. गडदपणा येतो तो मेलॅनिन हे काळपट रंगद्रव्य पेशीभर पसरल्यानं. त्या लाल टीशर्टवर जे दिसलं, काळपट अंग, ठिपके, फुगलेला गळा, वासलेलं तोंड, ती घोयऱ्याची 'दूर हो' म्हणायची पद्धत आहे. टाळ्या त्या भीतीला पडल्या.

आणखी एक. काठीनं उचलताना त्यांनी शेपटीला हिसका दिला. घरातल्या पालीसारखी घोयऱ्याची शेपटी तुटून परत येत नाही. ती त्याचा पाचवा हात आहे, फांदीला विळखा घालून तोल सांभाळणारा. मोडली की कायमची मोडली. ओढून काढताना नख्या उपटल्या जातात ते वेगळंच.

मग करायचं काय? पायवाटेवर दिसला तर काहीच नाही. दहा-बारा पावलं मागे सरा, जमिनीवर पडणारी तुमची सावली त्याच्या अंगावरून काढा आणि तो कुठे निघालाय ते बघा. वाहता रस्ता असेल आणि चिरडायची भीती असेल तरच हात घालायचा, तोही असा: बोटाएवढ्या जाडीची, खरबरीत सालीची फांदी घ्या. गुळगुळीत काठी नको, पकड बसत नाही. ती पुढच्या पायांसमोर आडवी, टोक किंचित वर करून, जमिनीलगत धरा. ढोसू नका. घोयरा उंचीकडे चढतो, तो आपणहून पुढचा पाय टाकेल. चारही पाय आणि शेपटी फांदीवर आल्यावरच हळू उचला. ज्या दिशेला तो जात होता त्याच बाजूला, रस्त्यापासून चार-पाच पावलं आत, झुडपाच्या बुडाशी फांदी जमिनीला टेकवा आणि तशीच सोडून द्या. आला त्या बाजूला परत ठेवाल तर तो पुन्हा रस्ता ओलांडायला येणार. घरी नेणं, डब्यात ठेवणं, पोरांना दाखवायला संध्याकाळपर्यंत सांभाळणं, हे तर अजिबातच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, घोयरा त्याखाली संरक्षित आहे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. सकाळी झोप मोडून टेकडीवर येणारी माणसं आहेत ही, वाईट नाहीत. कुतूहल आहे म्हणूनच थांबली. बहुतेकांना दोन पावलं मागे कसं व्हायचं हे कधी कुणी सांगितलेलंच नाही.

त्या हिशेबानं बाकीचंही सांगून टाकतो, कारण हे दिवसच असे आहेत. कोळ्यांची जाळी सध्या वाटेवर आडवी दिसतात. पावसाळाभर वाढलेल्या माद्या आता पूर्ण आकाराच्या झाल्यात. हाताच्या पंजाएवढी पसरलेली, लांब पायांची ती वुड स्पायडरची मादी, तिच्याच जाळ्यात कडेला जो चिमुकला तांबूस किडा दिसतो तो तिचा नर. लोक काठी फिरवत चालतात आणि जाळी फाडत जातात. का? वाकून पलीकडे जायला पाच सेकंद लागतात. ते जाळं परत विणायला तिला रेशीम, म्हणजे खाल्लेलं प्रथिन, खर्ची घालावं लागतं आणि त्या काळात शिकार बंद. ती अंगावर येत नाही. ओळीत पहिला चालणाऱ्यानं मागच्यांना 'जाळं' म्हणून सांगितलं की काम झालं.

दगड उलटू नका. फोटोसाठी विंचू शोधणारे उत्साही लोक हल्ली फार झालेत. दगडाखाली फुरसं असू शकतं. एवढासा साप, वीतभर-दीड वीत, मातीच्या रंगाचा. वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करतो, तो ऐकू आला की जिथे आहात तिथेच थांबा, आवाज कुठून येतो ते बघा आणि आल्या पावली मागे जा. गवतात पाय टाकण्याआधी काठी जमिनीवर आपटायची, ती यासाठी. सापाला कंप कळतो, तो बाजूला होतो. काठीचा एवढाच उपयोग! घोट्यापर्यंतचे बूट आणि जाड कापडाची सैल पँट घाला, चप्पल नको.

तरी चावलाच तर आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणं नको, सापामागे धावून त्याला मारणं तर नकोच. अंगठी, कडं, घड्याळ, पैंजण लगेच काढा, सूज चढते. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलणार नाही असा ठेवा, माणसाला चालवू नका, थेट प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठा. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, साप ओळखता आला नाही तरी डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

आग्या मोहोळ दिसलं तर त्याखाली थांबायचं नाही, सेंट मारून आलेल्यानं तर नाहीच. सिगारेट, फटाका, दगड, ड्रोन, यातल्या कशानंही त्या उठतात. उठल्या तर हातवारे न करता तोंड-डोळे कपड्यानं झाकून सरळ पळत सुटा आणि बंद जागा मिळेपर्यंत थांबू नका. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. नांगी लगेच खरवडून काढा, कारण विषाची पिशवी नांगीबरोबर सुटून येते आणि विष आत ढकलतच राहते.

आता पुन्हा पारा चढतोय, कारण कुत्री. तुमचा लाडका मोकळा सोडलात तर जमिनीवर उकरत बसलेल्या घोयरा मादीला पळताही येत नाही. तो 'नुसता हुंगतोय' असतो, ती मेलेली असते. पट्टा हातात ठेवा. 'आमचा काही करत नाही' हे मला सांगू नका.

गप्पीदास आणि परीट हे पाहुणे पक्षी परतलेत, झुडपांच्या शेंड्यावर, डबक्यांच्या कडेला बसताहेत. दूरच्या प्रवासानं ते आधीच थकलेले असतात, मोबाइलवर आवाज वाजवून त्यांना जवळ बोलवायचे उद्योग बंद करा. येतात ते तुम्हाला भेटायला नाही, हद्दीत घुसलेल्याला हाकलायला येतात. त्यात चरायचा वेळ जातो.

रविवारच्या मोठ्या नेचर वॉकवाल्यांना एकच सांगणं आहे. पन्नास जणांची रांग नेऊ नका. पहिल्या पाचांना प्राणी दिसतो, उरलेल्यांना पहिल्या पाचांच्या पाठी. आठ-दहाचे गट करा, दोन गटांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, आणि ब्लूटूथ स्पीकर आणणाऱ्याला पायथ्यालाच बसवा.